झाडीपट्टीतून कॉमेडी क्लबला जाताना

झाडीपट्टीतील, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातील ज्या वाचकांनी स्टँडअप कॉमेडी आजवर केवळ मोबाइलच्या पडद्यावर पाहिली आहे आणि ज्यांना आता नागपुरात जाऊन तो प्रकार प्रत्यक्ष अनुभवावा असे वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. अनेकांच्या मनात अशी धास्ती असते की तेथे सगळे शहरी, इंग्रजी बोलणारे लोक असतील, आपण गावचे म्हणून लगेच ओळखू येऊ आणि मंचावरचा माणूस नेमकी आपलीच थट्टा करील. ही धास्ती बहुतांशी अनाठायी आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर चालणारी नाटके पाहत जो वाढला, तो प्रत्यक्ष समोर घडणाऱ्या कलेचा प्रेक्षक म्हणून शहरातल्या पुष्कळ लोकांपेक्षा अधिक तयार असतो. त्याला समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की या नव्या प्रकारात प्रेक्षकाने कधी गप्प राहावे, कधी बोलावे आणि रात्री सुखरूप परत कसे यावे.

नाटकाची रात्र आणि क्लबची रात्र

झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा उघडते आणि उजाडेपर्यंत चालते. मंडपात हजारोंच्या संख्येने माणसे बसलेली असतात, लहान मुले चादरीत गुरफटून झोपी जातात, मोठी माणसे मध्येच उठून चहा घेऊन येतात, आणि एखादे गाणे मनात भरले की ‘वन्स मोअर’चा पुकारा होऊन ते पुन्हा म्हटले जाते. विनोदी पात्राला या रंगभूमीवर मानाचे स्थान आहे. विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हसवण्याच्या त्या कलेचाच सन्मान झाला असे मी मानतो. तरीही नाटकात विनोद कथेच्या आधाराने उभा असतो. एखादा प्रवेश फसला तरी पुढे गाणे आहे, नृत्य आहे, रडवणारा प्रसंग आहे.

कॉमेडी क्लबमध्ये असा कोणताही आधार नसतो. एक माणूस, एक माइक, पाण्याची बाटली ठेवायला एक उंच स्टूल, आणि समोर पन्नास ते दीडशे खुर्च्या, एवढाच सारा संसार. वेशभूषा नाही, पात्र नाही, वाद्ये नाहीत. संपूर्ण कार्यक्रम सव्वा ते दीड तासात आटोपतो, त्यामुळे मध्ये डुलकी घ्यायला किंवा बाहेर फेरी मारून यायला फारशी सवड मिळत नाही. मंच जेमतेम फूट-दीड फूट उंच असतो आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचे गुडघे जवळपास मंचाला टेकतात. खुर्च्या एकमेकींना चिकटून मांडलेल्या असतात, छत ठेंगणे असते आणि मंचावरचा दिवा सोडला तर बाकी खोलीत अंधार असतो.

ही रचना जागेच्या टंचाईमुळे झाली आहे असे प्रथम वाटते, परंतु तिच्यामागे विचार आहे. न्यू यॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेला ‘इम्प्रोव्ह’ हा क्लब मुळात नाटकातल्या कलावंतांना प्रयोग संपल्यावर येऊन बसता यावे म्हणून काढलेले कॉफीगृह होते, आणि अशा अरुंद जागेत माणसे दाटीवाटीने बसली की हसू एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने पसरते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने हसण्याचा पुष्कळ अभ्यास केला आणि एकट्या माणसापेक्षा सोबतीत असलेला माणूस सुमारे तीस पट अधिक हसतो असे दाखवून दिले. लंडनमध्ये १९७९ साली ‘कॉमेडी स्टोअर’ निघाले, त्याचीच शाखा २०१० साली मुंबईत लोअर परळला उघडली, आणि त्यानंतर भारतातल्या शहरांत हा प्रकार रुजत गेला. मोबाइलवर एकट्याने पाहताना जो विनोद केवळ ओठांच्या कोपऱ्यात स्मित आणतो, त्याच विनोदाला भरलेल्या खोलीत पोट धरून हसणारी माणसे आपण पाहता, याचे कारण या दाटीत आहे. म्हणूनच घरी इंटरनेट असताना सत्तर-ऐंशी किलोमीटर जाण्याचे कष्ट घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगतो.

कोणता कार्यक्रम निवडावा

पहिल्या खेपेस कार्यक्रमाची निवड चुकली तर माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही, म्हणून येथे घाई करू नये. ‘ओपन माइक’ हा सर्वांत स्वस्त प्रकार असतो. त्यात नवखे आणि काही जुने कलाकारही चार-पाच मिनिटे नवीन मजकूर करून पाहतात. दहा-बारा जण मंचावर येतात आणि त्यांतले निम्मे फसतात, कारण तो सरावच असतो. कलेची घडण पाहण्याची ज्याला आवड आहे, नाटकाच्या तालमीला जाऊन बसायला ज्याला आवडते, त्याने ओपन माइक जरूर पाहावा, परंतु घरच्यांना पहिल्यांदा तेथे नेऊ नये. चार-पाच मुरलेल्या कलाकारांचा एकत्र कार्यक्रम पहिल्या अनुभवाला सर्वांत योग्य ठरतो, कारण एक आवडला नाही तरी दुसरा आवडतो. एकाच कलाकाराचा पूर्ण तासाचा ‘सोलो’ हा त्याचे काम आधी पाहून ते आवडले असेल तरच निवडावा. जाहिरातीत ‘ट्रायल शो’ असे लिहिले असेल, तर तो सोलो अजून घडत आहे आणि कलाकाराच्या हातात कदाचित टिपणांचा कागदही असेल, हे समजून तिकीट काढावे.

नागपुरात हे कार्यक्रम बहुधा कॅफेंमध्ये किंवा छोट्या सभागृहांत होतात. मोठ्या नावाचा कलाकार आला की वसंतराव देशपांडे सभागृहासारखी मोठी जागा घेतली जाते. मोठ्या सभागृहात खुर्चीचा क्रमांक ठरलेला असतो आणि व्यवस्थाही ओळखीची वाटते, परंतु वर सांगितलेली जवळीक तेथे मिळत नाही. माझे मत विचाराल तर पहिला अनुभव छोट्या खोलीतच घ्यावा.

तिकीट काढण्यापूर्वी जाहिरातीतल्या दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली भाषा. नागपुरातले बरेच कार्यक्रम हिंदीत असतात, काही हिंदी-इंग्रजी मिश्र असतात आणि मराठी कार्यक्रम तुलनेने कमी असले तरी होतात. दुसरी वयाची अट, जी बहुधा सोळा किंवा अठरा वर्षांची असते. ही अट शोभेसाठी लिहिलेली नसते. शरीरसंबंधांवरचे विनोद, शिव्या, जात, धर्म आणि राजकारण यांवरची टिप्पणी तेथे सर्रास होते. झाडीपट्टीचे नाटक सासू-सुना, मामाजी आणि जावई एकाच सतरंजीवर बसून पाहतात. कॉमेडी क्लबच्या बाबतीत तसे गृहीत धरू नये. त्या कलाकाराच्या चार-पाच चित्रफिती आधी पाहाव्यात, आणि ज्यांना सोबत नेणार आहोत त्यांच्या शेजारी बसून हे ऐकताना आपल्याला अवघडल्यासारखे होईल का, याचा प्रामाणिक विचार करावा. मित्र, भाऊ-वहिनी किंवा नवराबायको यांनी मिळून जाणे सर्वांत सुखाचे असते. एकट्याने गेल्यासही काही बिघडत नाही, आणि पुष्कळ लोक तसे येतात.

परतीचा विचार तिकिटाच्या आधी

कार्यक्रम रात्री आठचा असला तर तो साडेनऊच्या सुमारास संपतो. गर्दीतून बाहेर पडून बसस्थानक गाठेपर्यंत सहज दहा वाजतात. भंडारा नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर असल्याने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचणे एक वेळ जमते, परंतु तेथून आतल्या गावाला जाणारी बस त्या वेळी मिळत नाही. गडचिरोली तर दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणून तिकीट काढण्याआधी रात्री कोठे राहायचे ते ठरवावे. नागपुरात शिकायला किंवा नोकरीला असलेला भाचा, पुतण्या, मावसभाऊ बहुतेकांच्या घरात असतो. त्याला चार दिवस आधी कळवावे आणि शक्य झाल्यास त्यालाही सोबत न्यावे.

लॉजवर उतरायचे असेल तर डिसेंबर टाळलेला बरा, कारण विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन त्या महिन्यात नागपुरात भरते आणि खोल्या मिळणे अवघड व महाग होते. तसेही नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची कापणी-चुरणी आटोपायची असते. जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा शनिवार कास्तकाराच्या घराला अधिक सोयीचा पडतो.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. रात्रीच्या रात्री दुचाकीने गावी परतण्याचा बेत करू नये. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीकडचे रस्ते जंगलातून जातात, वाघ आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात, थंडीत पहाटेच्या सुमारास धुके उतरते आणि दिवसभराच्या प्रवासाने चालवणाऱ्याचे डोळे जड झालेले असतात. सकाळची पहिली बस पकडून दहा वाजेपर्यंत घरी आल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

दारापासून खुर्चीपर्यंत

ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचा चौकोनी क्यूआर कोड दारावर दाखवावा लागतो. मोबाइलची बॅटरी संपण्याची भीती असेल तर त्याचे चित्र सोबत्याच्याही मोबाइलमध्ये ठेवावे. छोट्या जागांत खुर्चीचा क्रमांक नसतो, जो आधी येईल त्याला हवी ती खुर्ची मिळते, त्यामुळे अर्धा तास आधी पोहोचावे. ज्यांना कलाकाराने आपल्याशी बोलू नये असे वाटते, त्यांनी तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधोमध बसावे. पहिली रांग आणि मधल्या वाटेच्या कडेच्या खुर्च्या कलाकाराच्या नजरेत लवकर येतात. उशिरा येणाऱ्याची मात्र कोठेही बसला तरी सुटका नसते, कारण अंधारात वाकून जागा शोधणारा माणूस मंचावरून स्पष्ट दिसतो आणि त्याच्यावर एखादे वाक्य हमखास येते.

कॅफेत कार्यक्रम असेल तर खाण्यापिण्याची मागणी सुरुवातीलाच देऊन टाकावी, आणि तिकिटाच्या रकमेत खाणे धरले आहे की ते वेगळे आहे हे निःसंकोच विचारावे. कार्यक्रम रंगात आलेला असताना वेटरला हाका मारणे किंवा बिलाचा हिशेब करणे यांमुळे शेजारच्या दोन टेबलांचा विनोद वाया जातो.

मोबाइल बंद किंवा मूक ठेवावा आणि चित्रीकरण अजिबात करू नये. यामागचे कारण समजून घेतले तर हा नियम जाचक वाटत नाही. नाटकातले गाणे आधी ऐकलेले असले तरी गोडच लागते, उलट त्यामुळे ते अधिक आवडते. विनोदाचे बळ मात्र अनपेक्षिततेत असते. कलाकार एकेक विनोद महिनोन्महिने ओपन माइकवर घासून तयार करतो आणि तो वर्षभर गावोगावच्या कार्यक्रमांत वापरतो; आपण काढलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पसरली, तर पुढच्या शहरातल्या प्रेक्षकांसाठी तो विनोद शिळा होतो. काही ठिकाणी दारावरच कॅमेऱ्यावर कागदी चिकटपट्टी लावतात. ती हसतमुखाने लावून घ्यावी.

दिवे मंदावल्यानंतर

सर्वप्रथम होस्ट, म्हणजे सूत्रसंचालक, येतो. त्याचे काम नाटकाच्या नांदीसारखे औपचारिक नसते. अनोळखी माणसांच्या विखुरलेल्या समूहाला हसायची सवय लावणे हे त्याचे काम असते आणि पहिली पाच-दहा मिनिटे तो प्रेक्षकांशी बोलत, टाळ्या वाजवून घेत ते करतो. त्यानंतर एक-दोन कलाकार दहा-पंधरा मिनिटांचे सेट, म्हणजे आपापल्या विनोदांचे सादरीकरण, करतात आणि शेवटी मुख्य कलाकार येतो. मधूनच खोलीच्या मागच्या बाजूला एखादा छोटा दिवा किंवा मोबाइलचा प्रकाश हललेला दिसला, तर गोंधळून मागे पाहू नये. तुमचा एखादा मिनिट उरला आहे, अशी ती मंचावरच्या कलाकाराला दिलेली खूण असते.

ऐकण्याची रीत थोडी निराळी आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्याला तीच सर्वांत उपयोगी पडते. विनोदाचा पहिला भाग साधा, कधीकधी कंटाळवाणाही वाटतो, कारण त्यात कलाकार केवळ परिस्थिती मांडत असतो. त्या वेळी खोलीत शांतता हवी असते. शेवटचे वाक्य किंवा शेवटचा शब्द त्या परिस्थितीला अचानक वळण देतो आणि हसू फुटते. शेजाऱ्याला “काय म्हणाला?” असे विचारले, तर त्याचाही पुढचा विनोद निसटतो, म्हणून एखादा शब्द कळला नाही तर तो सोडून द्यावा. सुरुवातीला सांगितलेला एखादा बारीकसा तपशील कलाकार अर्ध्या तासाने अचानक परत आणतो आणि सर्वांत मोठा हशा बहुधा तेव्हाच होतो. ज्याने सुरुवातीपासून लक्ष दिले त्याला हा आनंद मिळतो. जो मध्ये दोनदा बाहेर जाऊन आला त्याला सगळे का हसत आहेत ते कळत नाही.

महानगरी जीवनाचे काही संदर्भ, म्हणजे लोकल गाडी, फ्लॅटचे भाडे, आयटी कंपनीतला साहेब, हे गावातल्या माणसाला दूरचे वाटू शकतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शेजारचा माणूस हसला म्हणून हसण्याची येथे सक्ती नाही, आणि हसू आले तर ते दाबूनही धरू नये. गडगडाटी हसणाऱ्या प्रेक्षकाची कलाकाराला फार किंमत असते.

कलाकाराने आपल्यालाच विचारले तर

“दादा, कुठून आलात?” हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात कोणाला ना कोणाला विचारला जातो. अशा संवादाला क्राउड वर्क म्हणतात आणि नवख्या प्रेक्षकाला सर्वांत जास्त भीती याचीच असते. भंडारा-गोंदियाकडची खडी गंमत ही लोककला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार मुळीच परका वाटू नये, कारण तेथेही कलाकार लोकांच्या जवळ उभे राहून समोरच्या माणसाला बोलते करतात आणि गावातल्या प्रतिष्ठितांनाही चिमटे काढतात.

उत्तर खरे आणि छोटे द्यावे. गावाचे नाव विचारले तर गावाचेच नाव सांगावे, संकोचाने ‘नागपूरजवळ’ असे म्हणू नये. कलाकाराला नेमका तपशील हवा असतो, आणि शंभर लोकांत धान पिकवणारा एकच माणूस असेल तर तो त्याच्यासाठी दुर्मीळ असतो. आपली बोली बदलण्याचीही गरज नाही. आपण स्वतःहून विनोद करून त्याच्यावर मात करण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण खोलीतले लोक त्याला ऐकायला आले आहेत, आणि त्याच्या वाक्यात वाक्य घुसवल्याने मांडणी मोडते. दारू पिऊन मध्येच ओरडणाऱ्यांना आयोजक बाहेर काढतात आणि ते योग्यच करतात.

आपले पूर्ण नाव, लेकीच्या शाळेचे नाव, पगार, आजारपण यांसारखी माहिती देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नसते. पुष्कळ कार्यक्रमांचे चित्रीकरण होते आणि प्रेक्षकांशी झालेल्या संवादाचे तुकडे पुढे इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर टाकले जातात, हे ध्यानात ठेवूनच बोलावे. दारावर चित्रीकरणाची सूचना लावली आहे का ते पाहावे आणि चेहरा दिसू नये असे वाटत असेल तर आयोजकांना आधीच सांगून मागची जागा घ्यावी. बोलायचेच नसेल तर हात जोडून हसत मान हलवावी. जाणता कलाकार लगेच पुढे वळतो. नवराबायकोपैकी एकाला विचारले असता दुसऱ्याचे गुपित सांगून हशा मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण खोलीतले बाकीचे लोक दीड तासाने निघून जातात आणि आपल्याला त्याच माणसासोबत घरी जायचे असते.

एखादा विनोद मनाला लागला, जातीवर, गावावर किंवा कोणाच्या व्यंगावर खालच्या पातळीची टीका झाली असे वाटले, तर हसू नये. शांतता हा त्या खोलीतला सर्वांत स्पष्ट निषेध असतो आणि कलाकाराला तो अचूक ऐकू येतो. फारच असह्य झाले तर एक कलाकार जाऊन दुसरा येण्याच्या वेळी, टाळ्या चालू असताना, उठून जावे. शेतकरी आत्महत्यांसारखा विषय आपल्या भागातल्या माणसासमोर कोणी सहज थट्टेत काढला तर राग येणे स्वाभाविक आहे. कार्यक्रम संपल्यावर त्या कलाकाराला भेटून शांतपणे हे सांगावे, कारण विदर्भातल्या गावात राहणाऱ्या माणसाचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकण्याची संधी त्यालाही क्वचितच मिळत असेल.

कार्यक्रम संपल्यावर

छोट्या जागांत कलाकार नंतर दाराजवळच उभे असतात. फोटो काढावा, पण त्याहून जास्त आनंद त्यांना कोणता विनोद आवडला हे नेमके सांगितल्याने होतो. ओपन माइकवरच्या नवख्या मुलाला तर असे एक वाक्य पुढचे कित्येक आठवडे पुरते.

काही वाचकांना हा कार्यक्रम आपल्या गावी गणेशोत्सवात किंवा मंडईच्या निमित्ताने ठेवावा असे वाटेल, आणि तो विचार चांगला आहे. मात्र कलाकाराला नाटकाच्या दोन अंकांच्या मध्ये उभे करू नये, कारण कथेत गुंतलेल्या प्रेक्षकाला त्या वेळी पात्रांची वाट पाहायची असते. सायंकाळी, जेवणाच्या पंगतीआधी, स्वतंत्र पाऊण तास द्यावा. मोठ्या मैदानाऐवजी ग्रामपंचायतीचे किंवा शाळेचे सभागृह घ्यावे, खुर्च्या मंचापासून दोन हातांवर सुरू कराव्यात, पुढची रांग पाहुण्यांसाठी रिकामी ठेवू नये आणि भाषणे कार्यक्रमाच्या आधी आटोपून घ्यावीत. चारही कोपऱ्यांत मोठे भोंगे लावल्यास शब्द घुमतो आणि विनोद कळत नाही, त्यामुळे मंचाजवळ दोनच स्पीकर ठेवून माइक आधी तपासून घ्यावा. मजकुराची मर्यादा, म्हणजे समोर लहान मुले आणि म्हातारी माणसे बसणार आहेत हे, मानधन ठरवतानाच कलाकाराला स्पष्ट सांगावे.